तरुणांचा संशय आणि चर्चचा हिशेब

ज्या पाश्चात्त्य देशांतून मिशनरी मेळघाटच्या डोंगरात आले, त्या देशांतच आज ख्रिस्ती धर्मावरील निष्ठा ओसरू लागली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःस ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत ५९.३ टक्के होते; २०२१ मध्ये ते ४६.२ टक्क्यांवर आले. कोणताही धर्म नाही असे सांगणारे ३७.२ टक्के निघाले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज लहान, २०११ मध्ये राज्याच्या लोकसंख्येत एक टक्क्याहूनही कमी. येथे घर, नाती आणि लग्नसंबंध धर्माशी बांधलेले असल्यामुळे तरुण धर्माचे नाव सहसा टाकीत नाही. तो रविवारच्या उपासनेस आधी मागच्या बाकावर बसतो आणि पुढे येईनासा होतो. हा दुरावा अबोल असल्यामुळेच त्याची कारणे शोधणे अगत्याचे आहे.

चिखलदऱ्याच्या परिसरात या प्रश्नाचा उगम पाहता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे केंद्र धरून कोरकूंमध्ये मिशनचे कार्य सुरू झाले. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने सिद्ध केलेले कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ साली प्रसिद्ध झाले. परतवाड्यानजीक कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी होरपळलेल्या मुलुखात ज्यांच्याकडे अन्न, औषध आणि अक्षर होते, त्यांच्या शब्दाला वजन येणे स्वाभाविक होते. त्या काळी डोंगरातल्या माणसाला सेवा करणारा आणि धर्म सांगणारा एकच दिसत असे.

आज ती स्थिती उरलेली नाही. आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शिधावाटप ही शासनाची जबाबदारी झाली. ती नीट पार पडत नाही, हे मेळघाटातील बालमृत्यूंनी १९९३ पासून वारंवार दाखविले आहे. तथापि ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे आलेली माणसे चर्चचीच होती असे नाही. बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने रुग्णसेवेत आयुष्य वेचले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सेवेसाठी चर्चचा आधार लागतोच असे नाही, हे तरुणाने डोळ्यांनी पाहिले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर चर्चची मक्तेदारी संपली. मक्तेदारी संपली की ग्राहक मालाची पारख करू लागतो आणि भक्तही त्याला अपवाद नाही.

या पारखीत चर्च कोठे कमी पडते? पहिली उणीव हिशेबाची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या विलीनीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ऐक्याचा तो मोठा प्रसंग होता. परंतु पुढे मिळकतींचे वाद न्यायालयांत गेले. गुजरातमधील ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचून २०१३ मध्ये निकाली निघाला. भाऊबंदकीचा असा खटला चालू असता व्यासपीठावरून क्षमेचा उपदेश झाला, तर ऐकणाऱ्याने काय समजावे?

दुसरी उणीव अधिकाराची. महाविद्यालयात उत्क्रांतिवाद शिकणारा विद्यार्थी उत्पत्तीच्या कथेविषयी विचारतो. पाळकाजवळ अनेकदा त्याचे उत्तर नसते. असते ती केवळ ताकीद. वडीलधारी माणसे शिक्षणाला आणि मोबाइलला दोष देतात. त्यात तथ्य आहे, पण थोडेच. प्रश्न विचारणाऱ्यास उद्धट ठरविले की तो प्रश्न सोडीत नाही, मंडळी सोडतो.

याला आणखी एक बाजू आहे. धर्मांतराच्या आरोपामुळे या लहान समाजाकडे बाहेरून संशयाने पाहिले जाते. अशा वेळी घरातील दोष चव्हाट्यावर आणू नयेत, असे तरुणांना बजावले जाते. ही भीती खोटी नव्हे. परंतु बाहेरच्या दडपणाची ढाल करून आतील कारभार झाकला, तर तरुण दोन्हीकडून परका होतो.

वस्तुतः मराठी ख्रिस्ती परंपरेला संशय नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपली सदसद्विवेकबुद्धी धर्माधिकाऱ्यांच्या हवाली करण्याचे नाकारले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत हाती आलेल्या बायबलने नारायण वामन टिळकांचे जीवन पालटले. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. या दोघांनी संस्थेशी वाद घातला, पण ख्रिस्ताशी नाते तोडले नाही. आज त्यांचा गौरव करणाऱ्या चर्चने त्यांच्यासारख्या तरुणांना नास्तिक म्हणणे विसंगत आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार नोंदलेल्या न्यासांना तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावेच लागतात. तेच हिशेब दरवर्षी मंडळीपुढे मराठीत वाचून दाखवावेत. व्यवस्थापन समितीत पंचविशीतील मुलामुलींना मतासह जागा द्यावी. उपासनेनंतर एक तास प्रश्नांसाठी राखावा आणि उत्तर ठाऊक नसेल तेथे पाळकाने तसे मोकळेपणे सांगावे. एवढे करूनही काही तरुण जातील. त्यांचा तो हक्क आहे. पण ज्यांना राहावयाचे आहे त्यांना आज राहण्याजोगे कारण मिळत नाही, हे चर्चच्या धुरिणांनी ओळखावयास हवे.