सर्दीची बाटली आणि न विचारलेलं वय

परवा रात्री साडेनऊला घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत एका मेडिकलवर उभा होतो. माझ्या पुढे एक ताई, कडेवर नाक गळणारं पोर. "दादा, सर्दीचं काहीतरी द्या ना." काउंटरवरच्या मुलाने बाटली काढून ठेवली. "अर्धा चमचा, तीन वेळा." संपलं. वय किती, ताप आहे का, एक प्रश्न नाही. शेवटी मीच विचारलं. अडीच वर्षं.

बाटली घेऊन मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचली. क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलेफ्रिन. खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये ही सूचना छापायला लावली. छापली. पण भटवाडीतल्या आईने ती वाचायची कशी?

मालक म्हणाले, "साहेब, मी नाही दिली तर पुढच्या दुकानात घेतील." खरंय. म्हणूनच हे एका दुकानाबद्दल नाही.

मोठ्यांच्या गोळीचंही ऐका. नाक मोकळं करायला तिच्यात बहुतेक वेळा हेच फिनाईलेफ्रिन असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं, पोटातून घेतलेल्या या औषधाने चोंदलेलं नाक सुटत नाही. आतडं आणि यकृत त्याचा बराचसा भाग आधीच मोडून टाकतात, नाकापर्यंत पोचतं किती? नोव्हेंबर २०२४ मध्ये ते तिथल्या विनाचिठ्ठी औषधांतून काढायचा प्रस्तावही आला. (नाकातला स्प्रे वेगळा, तो जागेवर काम करतो.) मग गोळीने बरं वाटतं ते कशाने? अंगदुखी थांबते पॅरासिटामॉलने, झोप येते क्लोरफेनिरामिनने. आणि वरून तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की डोस डबल, हे कोणी सांगतच नाही.

आता छिंदवाडा आठवा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथली वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली कित्येक आपल्या नागपुरात उपचार चालू असताना. कोल्ड्रिफ सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा जीव घेतला तेच विष, ज्यावर लेंटिन आयोग बसला होता. छिंदवाड्यात औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिलं गेलं, हे मान्य. भेसळ हा वेगळा गुन्हा, तेही मान्य. पण जी बाटली मुळात लागतच नव्हती, तिच्यापायी मुलं गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने सांगितलं, दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं नकोत, पाच वर्षांखाली सहसा नकोत.

कोणी म्हणेल, डॉक्टरची फी आणि बुडालेला खाडा कोण भरणार? बरोबर. मी ताईंना दोष देतच नाहीये. पण साध्या सर्दीला नाकात सलाईनचे थेंब, गरम पाणी, वर्षावरच्या मुलाला मध आणि आठवडाभर धीर, इतकं पुरतं. (वर्षाच्या आत मध अजिबात नको.) मूल धापा टाकतंय, दूध घेत नाही, तर सरळ राजावाडी गाठा.

आपल्या औषध कायद्यात 'ओव्हर द काउंटर' अशी व्याख्याच नाही. त्यामुळे काउंटरवरचा पोरगाच डॉक्टर.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. वयाची सूचना बाटलीवर मराठीत, ठळक. आणि प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर बोर्ड: 'मुलाचं वय सांगा'. सोमवारी बीकेसीत राज्याच्या एफडीएला पत्र देतोय. घरातल्या सर्दीच्या बाटलीच्या लेबलचा फोटो इनबॉक्स करा, पत्राला जोडतो. ताईंनी त्या रात्री सलाईनचे थेंब नेले. बाटली परत मांडणीत गेली, पुढच्या गिऱ्हाईकासाठी.