बायोडेटात तारखा लिहाव्यात का?



परवा माझी धाकटी जाऊ बायोडेटा घेऊन आली. लग्नानंतर 2010 ते 2015 तिने सीएच्या ऑफिसात काम केलं. मग दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. आता पुन्हा नोकरी शोधतेय. कुणीतरी तिला सांगितलं, "तारखा काढून टाक, म्हणजे मधली वर्षं दिसणार नाहीत." तिने काढल्या आणि मला विचारलं, "ताई, चालेल ना?"

मी म्हटलं, "नाही गं, परत लिही."

माझं म्हणणं असं. बायोडेटा वाचणारा माणूस 'कधीपासून कधीपर्यंत' हे शोधतोच. तारखा नसल्या की त्याला काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. मुलाखतीत तो विचारणारच, आणि तिथे अडखळण्यापेक्षा कागदावर आधीच लिहिलेलं बरं. शिवाय अनुभवाच्या दाखल्यावर आणि पीएफच्या नोंदीत तारखा असतातच.

दुसरी गोष्ट कामाचीच. जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला. जावेने काम केलं ते व्हॅट आणि सेवाकराच्या काळात. तारखा नसतील तर मालक धरून चालेल की हिला जीएसटी येतो. पहिल्याच महिन्यात रिटर्न भरायची वेळ आली की पंचाईत कुणाची? तारखा असल्या तर काय येतं आणि काय शिकायचंय, दोघांनाही कळतं. म्हणून आधी जीएसटीचा छोटा कोर्स कर आणि तोही वर्षासह लिही, असं मी तिला सुचवलं.

सगळंच लिहायला हवं असं नाही. महिना नको, वर्ष पुरे. जन्मतारीख, दहावीचं वर्ष गाळलं तरी चालतं. फार जुनी नोकरी 'त्याआधीचा अनुभव' म्हणून एका ओळीत बसते. अनावश्यक माहिती गाळणं वेगळं, आणि 2015 चं 2018 करणं वेगळं. ते सरळ खोटं आहे. सत्याणुव्रत फक्त पर्युषणात आठवायचं नसतं.

मधल्या वर्षांचं काय? एक ओळ लिहा: 'मुलांचं संगोपन व घरातील आजारी ज्येष्ठांची देखभाल.' सोसायटीचा हिशेब पाहिला असेल, शिकवण्या घेतल्या असतील, तर तेही लिहा. लिंक्डइनने 2022 पासून करिअरमधल्या खंडासाठी वेगळी जागाच दिली आहे. टाटा समूहाने तर 2008 मध्येच अशा स्त्रियांना परत आणण्यासाठी उपक्रम सुरू केला होता.

काही ठिकाणी तो खंड पाहूनच कागद बाजूला ठेवतील, हे मला माहीत आहे. वाईट वाटतं. पण जिथे आपली घरची वर्षं लपवूनच शिरायचं, तिथे मूल आजारी पडलं म्हणून उद्या रजा कशी मागणार?

जावेने संध्याकाळी तारखा परत लिहिल्या. सासूबाईंच्या देखभालीची ओळ लिहिताना तिचा हात जरा थांबला. मग म्हणाली, "ताई, हे पण कामच होतं की."

होतंच.