‘घरबसल्या’ या शब्दाची किंमत

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावांतून कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती झळकू लागतात. टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटी यांच्या जोडीला आता वेब डिझायनिंगही असतं. मुलींना उद्देशून केलेल्या जाहिरातीत एक शब्द हमखास सापडतो : घरबसल्या. घरबसल्या शिका, घरबसल्या कमवा. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीसारख्या गावात हा शब्द आईवडिलांना फार धीर देतो. मुलगी चार पैसे मिळवेल आणि उंबरठा ओलांडायचा प्रश्नच येणार नाही! मुलींनी वेब डिझायनिंग शिकावं, असंच आमचंही मत आहे. पण या कारणासाठी शिकू नये.

आधी नोकरीचं पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली 1989 साली. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 पासून. तेव्हा वेबसाईटचं प्रत्येक पान हाताने लिहावं लागे, म्हणून एचटीएमएल येणाऱ्या माणसाला मान होता. 2003 साली वर्डप्रेस आलं, मग तयार साचे आले. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, आणि आता साधी पाच पानांची वेबसाईट यंत्राकडून थोडक्या वेळात करून घेता येते. दोन-तीन महिन्यांच्या क्लासमध्ये बहुतेक वेळा एवढंच तर शिकवतात. म्हणजे नवख्या मुलीने जिथे पहिलं पाऊल टाकायचं, तीच पायरी झिजली आहे. हे सांगणारी जाहिरात कुणी छापत नाही.

गावात काम मिळेल का? पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान मानलं जातं. 2020 च्या जानेवारीत तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा केली आणि त्यावरून शिर्डीत बंद पाळला गेला. भाविक वाढले तर लॉज वाढतील, दुकानं वाढतील, हे खरं. पण दुकानदाराचं व्हॉट्सअॅपवर भागतं. मोबाईलच्या नकाशावर दुकानाचं नाव आलं की त्याला पुरे. वेबसाईट करून घेतलीच, तर ती एकदाच. एवढ्यावर एकीचाही संसार चालायचा नाही. पगारी नोकऱ्या आहेत त्या पुण्या-मुंबईकडे, फार तर छत्रपती संभाजीनगरात.

तेव्हा मुलीपुढे वाटा दोनच. गाव सोडून जायचं, किंवा घरी बसून लांबच्या गिऱ्हाइकाचं काम करायचं.

पहिल्या वाटेवर काय आडवं येतं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. जवळजवळ निम्म्या! ज्या वयात हात एखाद्या कामावर बसायचा, त्या वयात इथली मुलगी सासरी असते. सरकारने काहीच केलं नाही असं नाही. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण खोलीचं भाडं कोण देणार? खानावळीचे पैसे? आणि खाजगी क्लासची फी तर या माफीत बसतच नाही. म्हणून मुलगी दुसऱ्या वाटेला लागते आणि घरचेही म्हणतात, बरं झालं.

घरी बसून करायच्या कामाचा बायकांना अनुभव नाही असं थोडंच आहे? विड्या, शिलाई, पापड, हे सगळं घरबसल्याच चालत आलं आहे. सोलापूर-सिन्नरकडच्या विडी कामगार बायकांना विचारा. तंबाखू-पानं मोजून मिळतात, विड्या मोजून द्यायच्या, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जायचे. खराब कोणत्या, ते घेणारा ठरवणार. वेबसाईटच्या कामात हेच वेगळ्या भाषेत होतं. ‘रंग आवडला नाही, बदलून द्या.’ ‘अजून एकदा करून बघा ना.’ दहा वेळा बदल होतात, पैसे मात्र एकाच कामाचे. जागा आपली, वीज आपली, लॅपटॉप आपला, नेटपॅक आपला. दिवसभर घरातली कामं उरकायची आणि कॉम्प्युटरपुढे बसायचं ते सगळे झोपल्यावर. घरचे म्हणतात, घरीच तर असते ही! बाई घरात दिसली की ती रिकामी दिसते, हे कॉम्प्युटरच्या युगातही बदललेलं नाही.

याला कायद्याचं पाठबळ किती? 26 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, ती मालकाकडे नोकरीत असणारीला. जिला मालकच नाही, तिला रजा कोण देणार? घरकामगार म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या नव्हेत, तर घरी बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्या. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तरी आपल्याकडे उदाहरण आहे. घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे 1966 च्या कायद्याने मानलं. कामगारांनी संघटित होऊन लढा दिला म्हणून ते घडलं, कुणी मेहेरबानी केली नाही.

दुसरं उदाहरण लिज्जतचं. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. पापड घरीच लाटला जातो, पण पीठ, भाव आणि नाव ही सगळ्यांची मिळून मालमत्ता असते, लाटणारी बाई मालकीण असते. काम घरात होतं की बाहेर, यापेक्षा भाव कोण ठरवतं हा प्रश्न मोठा आहे. पाथरीतल्या चौघी-पाचजणींनी वेबचं काम एकत्र घेतलं तर? एकीची चित्राची नजर चांगली, एकीला एचटीएमएल-सीएसएस पक्कं येतं, एकीचं मराठी शुद्ध, एकजण हिशेबाला आणि बोलाचालीला खंबीर. बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे नवं नाही. एकटीला ‘अजून एकदा’ म्हणणारा गिऱ्हाईक गटाशी बोलताना विचार करतो.

आणि काम कोणतं घ्यावं, तेही ठरवावं. जे यंत्र करतं त्यात त्याच्याशी शर्यत लावू नये. मराठीत करण्यासारखं पुष्कळ पडलं आहे. छापखान्यांतून, कचेऱ्यांतून वर्षानुवर्षं जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर आहे; तो वेबवर टाकला की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये आणून वाचून तपासायला मराठी जाणणारं माणूस लागतं. कितीतरी वेबसाईटवर मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवलेला असतो. अंध माणसाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे गप्प बसतं. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने अशा अडचणी दूर करणं बंधनकारक केलं आहे. स्वस्तातल्या मोबाईलवर, रेंज नसताना पान उघडतं की नाही, हे पुण्यातल्या ऑफिसात बसून कळत नाही, पाथरीत कळतं. हे सगळं शिकायला तीन महिने पुरणार नाहीत. वर्ष-दीड वर्ष धरून चालावं. आयटीआयमधला ‘कोपा’ हा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. क्लासला फी भरण्याआधी त्याची चौकशी जरूर करावी.

मैत्रिणींनो, काही गोष्टींवर मात्र तडजोड नको. लॅपटॉप मुलीचा स्वतःचा हवा, भावाचा उसना नको. पैसे तिच्या खात्यात यावेत आणि पासवर्ड तिच्याकडेच असावा. काम लिहून घ्यावं, किती वेळा बदल करून देणार ते आधीच ठरवावं, निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. घरात कामाचे तास ठरलेले असावेत, त्या वेळात चहा दुसऱ्या कुणी करावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. ऑफिस लहान, दहापेक्षा कमी माणसांचं असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. समिती कुठे बसते, हे माहीत करून ठेवावं.

आणि मागणी करायचीच तर तालुक्याच्या गावात मुलींसाठी दिवसभर उघडी राहणारी, वीज आणि नेट असलेली एक जागा मागू या, शहरांत नोकरीला जाणाऱ्या मुलींसाठी परवडणारी वसतिगृहं मागू या. मुलगी तिथे जाईल, मैत्रिणींबरोबर शिकेल, काम घेईल, भावावर घासाघीस करेल. त्यासाठी तिला घराबाहेर पडावं लागेल. पडू द्या!