नाव वाचावे की बंदूक?

पर्डी श्रेष्ठ, हॉलंड अँड हॉलंड श्रेष्ठ की बॉस? उंची दुनळी बंदुकांच्या रसिकांत हा वाद कधी मिटत नाही. आमचे म्हणणे असे की, हा वाद बंदुकांविषयी नसून नावांविषयी आहे. लेखकाचे नाव पाहून कवितेला दाद देणाऱ्यांना हा रोग ओळखू यावा.

पर्डीच्या ज्या यंत्रणेची वाखाणणी होते, ती मिटलेली बंदूक उघडण्यास स्वतःच साहाय्य करणारी यंत्रणा मूळची फ्रेडरिक बीस्लीची. १८८० मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले आणि पुढे ते पर्डीला विकले. नळ्या जुळवणारा, यंत्रणा घडवणारा, लाकडी दस्ता बसवणारा, नक्षी कोरणारा असे कितीतरी हात एका बंदुकीमागे असतात. झळकते ते दुकानाचे नाव.

दुसरा दंभ बॉक्सलॉकविषयीचा. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समध्ये अ‍ॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये मोजक्या भागांची ही सुटसुटीत यंत्रणा सिद्ध केली. तरी लंडनच्या साइडलॉकपुढे तिला कनिष्ठ लेखण्याची रीत आहे. साइडलॉकची बाजू लंगडी नाही. चाप न ओढताच धक्क्याने घोडा सुटला, तर त्याला अडवणारा जादा खटका उत्तम साइडलॉकमध्ये असतो. परंतु हा गुण रचनेचा, शहराचा नव्हे. स्पेनमधील एइबारच्या कारागिरांनीही हॉलंडच्या धर्तीवर साइडलॉक घडवले. त्यांना 'नक्कल' म्हणून बाजूला सारणे सोपे. लाकूड आणि पोलाद यांच्यामधील सांधा तपासणे कष्टाचे.

मग तुलना कशाची करावी? दोन्ही नळ्यांचा मारा एकाच ठिकाणी पडतो का, छर्रे सारखे पसरतात का, चाप स्वच्छ सुटतो का, खांद्याला लावताना तोल साधतो का, वर्षानुवर्षांच्या वापरानंतर सांधे घट्ट राहतात का, याची. थोर नाव हे आश्वासन असते, हे आम्ही नाकारत नाही; पण आश्वासनाची परीक्षा घ्यायची नसेल, तर समीक्षक हवा कशाला?

नळीवरील साऱ्या खुणांत आम्हांस सर्वाधिक प्रामाणिक वाटतो तो प्रूफ हाउसचा इवलासा शिक्का. या नळीने ठरावीक दाब सोसला, एवढेच तो सांगतो. जे तपासले त्यापलीकडे एक अक्षरही तो बोलत नाही.