तांब्याची तार गेली, आता लँडलाइन कुठे जोडायची?

आमच्या वसईत, होळीला, ०२५० कोडचे लँडलाइन अजून घरोघरी दिसतात. बीएसएनएल आता तांब्याच्या तारेऐवजी फायबर देतंय. म्हणजे फोन मोडेम-राउटरलाच जोडायचा. म्हणून खरेदीआधी दोन गोष्टी बघा: मागे फोनचं पोर्ट आहे का, आणि कंपनी त्या मॉडेलवर व्हॉइस सुरू करून देते का.

पण खरा प्रश्न विजेचा आहे. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे, त्यामुळे लाइट गेली तरी रिंग वाजायची. आता राउटर बंद, की फोनही बंद. जुलै २०१८ च्या पुरातला अंधार आठवतोय ना? माझं मत विचाराल तर महागडा राउटर नको. साधा पोर्टवाला घ्या आणि उरलेल्या पैशांत त्याच्याच व्होल्टचा मिनी यूपीएस. घरी म्हातारे आईवडील एकटे असतील, तर नक्कीच.