विद्येच्या माहेराला वर्षातून चारदा

मैत्रिणींनो, पुण्याला आपण ‘विद्येचं माहेरघर’ म्हणतो. माहेर म्हटलं की बाई तिथे दोन दिवस टेकते, हात रिकामे ठेवते, मनातलं बोलते. पण आपल्या सटाण्याच्या कितीतरी आया या माहेराला जातात त्या फक्त ओझं वाहायला! होस्टेलच्या दारात लाडूचा डबा अन् पांघरूण द्यायचं, ‘बारीक झालीस गं’ म्हणायचं आणि लगेच परतीची गाडी. लेक काय शिकते, कुणात वावरते, तिच्या मनात काय आहे, यातलं काही कळत नाही.

जायचंच आहे तर सणवार पाहून माहेरी जातो तसं बेतानं जावं. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे एका फेरीच्या खर्चात दोघी जातील. परीक्षेचे दिवस मात्र टाळावेत. मुक्कामाचं आधी ठरवावं. होस्टेलवर पाहुणी चालतेच असं नाही. दोघी-तिघी मिळून खोली घेतली तर परवडतं.

पहिली फेरी ज्येष्ठात, कॉलेजं सुरू होताना. आषाढी एकादशीच्या अडीचेक आठवडे आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. त्या दिवशी रस्ते बंद असतात, तेव्हा गादी-बादल्या घेऊन मात्र जाऊ नका!

दुसरी फेरी भाद्रपदाच्या सुमाराला. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती सकाळी लवकर निघालं तर पायी बघून होतात. अनंत चतुर्दशीची गर्दी नको असेल तर मधले दिवस धरा. ती मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. याच सुमारास भरत नाट्य मंदिरात ‘पुरुषोत्तम करंडक’ ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा असते. ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ ही संस्था १९६३पासून ती भरवते. माझ्या जाऊबाई लेकीबरोबर तिथे गेल्या, तेव्हा पोरापोरींच्या आरोळ्यांनी आधी दचकल्याच! पण नाटक संपल्यावर मायलेकी खोलीवर पोचेपर्यंत त्यावरच वाद घालत होत्या. वर्षभरात दोघींचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

तिसरी फेरी डिसेंबरात. आपल्या बागलाणची आगाप द्राक्षं तेव्हा तयार असतात. लाडवांऐवजी तीच न्या, मैत्रिणींत वाटली जातात. तेव्हा सवाई गंधर्व महोत्सव असतो. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. गाण्यातलं कळत नाही म्हणून मागे राहू नका, कानाला गोड लागलं म्हणजे पुरे. मात्र शाल हवीच. पुण्याची संध्याकाळ तेव्हा गार असते. दिवसा शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभं केलं. दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकाची भांडी, सगळा आपल्याच ओळखीचा संसार! आपल्या आजीची वस्तू काचेआड मानानं ठेवलेली पाहिली की आपल्याही हातच्या कामाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

चौथी फेरी उन्हाळ कांदा चाळीत पडल्यावर. एप्रिल-मे महिन्यांत टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली तिचा पाया घातला. तिथे ऐकायला कुणीही बसावं, पदवी कुणी विचारत नाही. रानड्यांच्या पत्नी रमाबाई लग्नानंतरच लिहायला-वाचायला शिकल्या, आणि पुढे १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा ‘आता आपलं काय वय राहिलं’ हे तोंडी आणूच नका. याच पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा उघडली. तो जुना वाडा २०२३ साली स्मारकासाठी पाडला. पण लेकीला घेऊन त्या जागेवरून एकदा जाच.

तिथूनच परत येताना जाऊबाईंच्या लेकीनं त्यांना हळूच सांगितलं, “आई, मला एम.ए. करायचंय. एवढ्यात स्थळं बघू नका.” फोनवर हे कधी निघालं नव्हतं, होस्टेलच्या दारात तर निघणारच नव्हतं. जाऊबाईंनी घरी येऊन भावजींसमोर तिची बाजू मांडली. ते अजून पुरते राजी नाहीत. पण “मी तिथे जाऊन बघून आलेय” असं त्या ठामपणे म्हणाल्या, तेव्हा भावजी गप्प बसून ऐकत राहिले. जी बाई स्वतः बघून येते, तिच्या शब्दाला वजन येतं.

घरचं कसं होईल, ही काळजी सोडा. दोन दिवसांचं पीठ दळून ठेवा, चटणी कुटून ठेवा, विरजणाची आठवण करून द्या. चूल काही रुसून बसत नाही.

आणि मुलगी नाही, मुलगा आहे तिथे? तरी जा. कुणीच नाही तिथे? मग तर नक्कीच जा, मैत्रिणीला बरोबर घेऊन. पिशवी मात्र हलकी ठेवा. येताना पुस्तकांना जागा लागेल.