पिवळे कार्ड रेशनचे नव्हे

गेल्या महिन्यात आम्ही आठवीच्या वर्गात विचारले, "आपल्या गावाला पाण्याचे कोणते कार्ड मिळाले आहे?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आले, "आमचे पिवळे आहे, चाचांचे केशरी." कोणी हसले नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होते. कार्ड म्हटले की रेशनचे. संध्याकाळी दोन-चार घरी मोठ्यांना विचारून पाहिले. तिथेही तेच उत्तर.

गावाला पाण्याचेही कार्ड असते. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक पाणी स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीभोवती सांडपाणी साचते का, उकिरडा जवळ आहे का, पाइपलाइनला गळती आहे का, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी तुंबते का, टीसीएल पावडरचा साठा आहे का आणि ती रोज टाकली जाते का, अशा गोष्टी त्यात पाहतात. धोका जास्त निघाला तर लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे टिकवणाऱ्या आणि साथ येऊ न देणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. लाल किंवा पिवळे मिळाले तर ग्रामपंचायतीने दोष दुरुस्त करायचे असतात.

म्हणजे गावाच्या पाण्याची परीक्षा होते, निकालही लागतो. फक्त प्रगतीपुस्तक घरी येत नाही. ते फाइलमध्ये राहते आणि आपणही ते मागायला जात नाही. पिण्याचे पाणी हा विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या यादीत आहे. त्यामुळे हे विचारायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाण्याची गरज नाही. सुरुवात चार गल्ल्या पलीकडच्या कार्यालयातून होते.

वर्षातून दोनदा होणारे सर्वेक्षण एका बाजूला, रोजची परीक्षा दुसरीकडे. पाणीपुरवठ्याचे काम पाहणारा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतो. नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळसर होते. रंग आला नाही तर क्लोरीन नाही. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. ही 'शिल्लक' महत्त्वाची आहे. टाकीत टाकलेले क्लोरीन वाटेतल्या घाणीशी झुंजत खर्च होत जाते. टाकीजवळच्या नळाला रंग छान येतो, पण शेवटच्या गल्लीपर्यंत काही उरले आहे का हे तिथल्याच नळावर कळते. आमच्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. चाचणी झाली का, असे सगळे विचारतात. कोणत्या नळावर झाली, हे कोणी विचारत नाही. गावोगावी शेवटच्या गल्लीत कोण राहते, ते वाचकांना सांगायला नको.

इथे आपल्या घरातली एक सवयही आड येते. पावडर नीट टाकली त्या दिवशी दादीजान म्हणतात, "पाण्याला दवाखान्याचा वास येतो, चहा बिघडला." मग जलसुरक्षकाला चार जण टोकतात आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी हात आखडता घेतो. खरे तर तो थोडासा वास पाणी राखणीत असल्याची खूण आहे. पाणी काही वेळ भांड्यात ठेवले की वास कमी होतो.

मुलांना हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून ग्रामपंचायतीकडून जीवाणू तपासणीच्या छोट्या बाटल्या मागून आणल्या. त्यात खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचे आणि 24 ते 48 तास ठेवायचे. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतून आलेले जीवाणू असण्याची शक्यता मोठी. टाकीजवळचा एक नळ, शेवटच्या गल्लीतला एक नळ आणि चार घरांतले मटके, असे सहा नमुने घेतले. टाकीजवळचे पाणी जसेच्या तसे राहिले. दोन मटक्यांचे काळे झाले. त्या दोन्ही घरांत ओगराळे नव्हते, पेला हातासकट मटक्यात जात होता. हे घरच्या घरी सुधारण्यासारखे होते आणि मुलांनी ते त्याच आठवड्यात सुधारून घेतले.

पण शेवटच्या गल्लीतल्या नळाचीही बाटली काळी झाली होती. तिथे मटक्याचा दोष नव्हता. मुलेच शोधत गेली तेव्हा गटाराला लागून व्हॉल्व्हचा खड्डा सापडला, त्यात काळे पाणी तुंबलेले. पाणी चोवीस तास येत नाही अशा गावात हे फार धोक्याचे असते. पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब उतरतो आणि बाहेरचे पाणी गळतीतून आत ओढले जाते. पुढच्या पाळीला पहिल्या धारेबरोबर तेच घरात येते. त्या गल्लीतली मुले पावसाळ्यात वरचेवर जुलाबाने गैरहजर असतात. हजेरीपटात ते दिसत होतेच.

अम्मी-खाला म्हणतील, उकळून प्यावे. जंतूंसाठी ते अगदी बरोबर आहे. पण फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागात फ्लोराइड आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याची रासायनिक तपासणी प्रयोगशाळेतच व्हायला हवी. ती वर्षातून एकदा करायची असते, जीवाणूंची दोनदा. वीस लिटरचा जार घेणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे, थंड पाणी शुद्ध असतेच असे नाही. मशिदीच्या किंवा मदरशाच्या स्वतःच्या बोअरचे पाणी वजूपुरते न राहता मुले पितातही. तो बोअर तपासणीच्या यादीत आहे का, हे विश्वस्तांनी विचारून घ्यावे. नसेल तर प्रयोगशाळेत माफक शुल्क भरून नमुना देता येतो.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण? त्यांत आपल्या मोहल्ल्यातली एखादी आपा आहे का? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. हंडे भरणारे हात तिथे असतात, म्हणून हा विषय आधी तिथे निघावा.

आमच्या इथे तो निघाला. टोकाच्या नळाची ओटी चाचणी रोज व्हावी, तिचा निकाल नोंदवहीत वेगळ्या ओळीत लिहावा आणि गावाचे कार्ड कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावे, असा अर्ज अकरा महिलांनी सह्या करून दिला. कार्ड भिंतीवर लागले आहे. ते पिवळे आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, व्हॉल्व्हचा खड्डा अजून तसाच आहे, आणि त्या गल्लीतली घरे सध्या पाणी उकळून पितात.